मुक्या सोबत्याचें दुखणें

गाईला बरें वाटत नसलें म्हणजे ती रवंथ करणें सोडते. कुत्रें दुखावलेला पाय उचलून धरतें आणि कण्हतें. पोपट पिसें फुलवून कोपऱ्यांत बसतो. ज्या घरीं जनावरें आहेत त्या घरांतील लहान मुलासही हीं लक्षणें कोणी शिकवावीं लागत नाहींत. परंतु ज्या प्राण्यास कण्हावयास आवाज नाहीं, मिटावयास पापणी नाहीं आणि सुखदुःख दाखविणारी मुद्रा नाहीं, त्याचें दुखणें ओळखावें तरी कसें? हा प्रश्न एके हिंवाळ्यांत आमच्यापुढें अकस्मात् येऊन उभा राहिला, व त्याचें उत्तर आम्हांस आमच्याहून वीस वर्षांनीं लहान असलेल्या एका मुलानें शिकविलें. ह्या वार्षिकाच्या वाचकांपैकीं बरेच जण त्याच मुलाच्या वयाचे आहेत, आणि बाकीचे त्यांचे आईबाप. तेव्हां ती हकीकत उभयतांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें, तींतील आमचा कमीपणा न लपवितां, येथें सांगतों.

२०१८ सालच्या सप्टेंबरांत आम्ही वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठीं इंग्लंडांत गेलों व तेथें वडील बंधूंच्या बिऱ्हाडीं उतरलों. पहिल्याच सायंकाळीं कोचावर बसून चहा घेत असतां पाठीमागें कांहीं सरसरल्याचा भास झाला. वळून पाहतों तों चार फूट लांबीच्या कांचेच्या पेटींत एक अजगर जीभ लवलवीत आमच्याच रोखानें पाहत होता! हातांतील पेला बशीवर कसा राहिला हें आमचें आम्हांसच ठाऊक. आमचा पंधरा वर्षांचा पुतण्या मात्र शांतपणें म्हणाला, "काका, भिऊं नका. शेषू कोणाला कांहीं करीत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तुम्हीच नवीन आहां."

हा शेषू पश्चिम व मध्य आफ्रिकेंत आढळणाऱ्या एका लहानशा जातीचा अजगर होता. इंग्लंडांत ह्या जातीस 'रॉयल पायथन' म्हणतात व अमेरिकेंत 'बॉल पायथन' म्हणतात. घाबरला म्हणजे हा सर्प डोकें मध्यें घेऊन सर्वांगाचा चेंडू करून बसतो, म्हणून हें दुसरें नांव. हा बिनविषारी असून ह्याची वाढ बहुधा तीन ते पांच फुटांपर्यंत होते. इंग्लंडांत असे बिनविषारी सर्प पाळण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. विषारी सर्पांस मात्र १९७६ सालच्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो. शेषूचा जन्म रानांत न होतां माणसाच्याच देखरेखीखालीं झालेला होता. त्याचें बारसें आमच्या मातोश्रींनीं येथूनच दूरध्वनीवर केलें होतें. "घरांत ठेवलाच आहे, तर त्याला नांव तरी चांगलें ठेवा," असें म्हणून त्यांनीं 'शेष' सुचविलें, व घरांतील लाडानें त्याचा 'शेषू' झाला.

भीति ओसरल्यावर आम्ही पुतण्याच्या शेजारीं बसून शेषूची दिनचर्या पाहूं लागलों. सर्पाच्या अंगीं स्वतःची ऊब नसते. ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचा एक भाग बत्तीस अंश सेंटिग्रेडच्या आसपास उबदार व दुसरा पंचवीस अंशांच्या सुमारास थंड ठेवलेला असे, आणि शेषू आपल्या गरजेप्रमाणें इकडून तिकडे जाई. दिवसां तो आपल्या बिळासारख्या आडोशांत पडून राही. रात्रीं बाहेर येई. दोन आठवड्यांतून एकदां त्यास बर्फांत ठेवलेला मेलेला उंदीर कोमट करून देत. दर पंधरवड्यास पुतण्या त्याचें वजन करी, आणि एका निळ्या वहींत तारीख, वजन, खाणें, विष्ठा, कात व पेटीची उष्णता हीं सर्व नीट मांडून ठेवी. आम्हीं एकदां थट्टेनें म्हटलें, "अरे, राजाच्या वैद्यानेंही इतकें टिपण ठेवलें नसेल!" त्यावर तो म्हणाला, "काका, बरा असतांना तो कसा असतो हें ठाऊक नसेल, तर आजारी पडल्यावर कळणार कसें?" त्या वाक्याचें मोल तेव्हां आम्हांस कळलें नाहीं.

उलट, पहिल्या दोन महिन्यांत आम्हींच दोनदां उगाच घाबरून हाकाटी केली. एकदां शेषूचे डोळे दुधाळ निळसर झालेले पाहून तो आंधळा झाला असें आम्हांस वाटलें. पुतण्यानें समजाविलें कीं, सर्पाच्या डोळ्यावर पापणीच्या जागीं एक पारदर्शक खवला असतो. कात टाकण्यापूर्वीं जुन्या व नव्या त्वचेच्या मध्यें द्रव साचून तो धूसर दिसतो, पुढें कांहीं दिवसांनीं डोळे पुन्हां स्वच्छ होतात, आणि मग कात पडते. तसेंच झालें. दुसऱ्यांदां शेषूनें उंदीर नाकारला, तेव्हां आम्ही त्याची आशाच सोडली. तेव्हांही पुतण्या म्हणाला कीं, ही जात थंडीच्या दिवसांत आठवडेच काय, महिनेही उपास काढते. वजन टिकून असेल तर चिंतेचें कारण नाहीं. अशा रीतीनें दोनदां फजिती झाल्यावर आमच्या मनानें एक चुकीचा धडा घेतला: ह्या प्राण्यास कांहीं होत नाहीं, आणि झाल्यासारखें वाटलें तरी तें खरें नसतें.

डिसेंबरांत बंधू, वहिनी व पुतण्या एका लग्नासाठीं तीन आठवडे स्वदेशीं निघाले. आमची परीक्षा जवळ आल्यामुळें आम्ही मागें राहिलों. निघतांना पुतण्यानें निळी वही आमच्या हातीं दिली व म्हटलें, "काका, रोज फक्त पांच मिनिटें त्याच्याकडे पाहा, आणि जें दिसेल तें लिहा." आम्हीं मोठ्या ऐटीनें वचन दिलें. पहिले चार दिवस आम्हीं तें पाळलें. पुढें अभ्यासाच्या नादांत पाहणें राहिलें व लिहिणें तेवढें उरलें. 'ठीक', 'ठीक', 'ठीक', असे एकाखालीं एक शब्द आम्हीं लिहीत गेलों; इतकेंच नव्हे, तर सांगावयास लाज वाटते कीं, एके दिवशीं पुढच्या तीन दिवसांचेंही 'ठीक' आम्हीं आगाऊच लिहून ठेविलें.

ह्या अवधींत पेटींत काय चाललें होतें तें पाहा. ठरल्या दिवशीं उंदीर दिला, तो शेषूनें घेतला नाहीं. हिंवाळ्याचा उपास, असें आम्हीं ठरविलें. दिवसां आडोशांत दडणारा शेषू आतां भर दिवसां उघड्यावर पडून राहूं लागला. आम्हांस वाटलें, त्याची आमच्याशीं ओळख पटली. हातांत घेतला तरी पूर्वींसारखा मनगटास घट्ट वेढा देईना. आम्हांस वाटलें, माणसाळला. रात्रीं कोठें तरी बारीक 'टिक् टिक्' ऐकूं येई. ती खिडकीची फट असावी असें समजून आम्हीं पडदा ओढून घेतला. शेवटीं २ जानेवारीच्या सायंकाळीं पाहतों तों शेषू कांचेस टेकून, मान उंच करून, आमच्या मेजाकडे तोंड करून राहिलेला. आम्हांस फार गहिंवरून आलें. आम्हीं त्याचें छायाचित्र घेतलें व 'शेषू आमची वाट पाहतो' असें खालीं लिहून तें पुतण्यास मोबाइलवर धाडलें.

तिकडे तेव्हां रात्रीचे साडेदहा वाजले होते. पांच मिनिटांच्या आंत त्याचा दूरध्वनि आला. नमस्कार नाहीं, कुशल नाहीं. "काका, त्याचें तोंड थोडें उघडें आहे का? नाकाशीं बुडबुडा दिसतो का? श्वास घेतांना आवाज येतो का? पेटीची उष्णता किती आहे?"

आम्हीं वांकून पाहिलें. नाकपुडीशीं लहानसा बुडबुडा येत होता व फुटत होता. खिडकीची म्हणून समजलेली ती 'टिक् टिक्' शेषूच्या श्वासाची होती. उष्णतामापक एकोणीस अंश दाखवीत होता. पेटीस ऊब देणारी विजेची चटई गार पडली होती. दोन आठवड्यांपूर्वीं झाडलोटीचें विजेचें यंत्र लावण्यासाठीं भिंतीवरचें एक बटण आम्हींच बंद केलें होतें व पुन्हां चालू करावयास विसरलों होतों. कांचेच्या ह्या बाजूस लोकरीचे दोन अंगरखे घालून आम्ही अभ्यास करीत होतों, आणि त्या बाजूस तो मुका जीव पंधरा दिवस गारठत होता. मान उंच धरली होती ती आमच्यासाठीं नव्हे, श्वासासाठीं.

पुतण्याच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं ऊब चालू केली व शेषूचें वजन केलें. १४१० ग्रॅमांचे १३३० ग्रॅम झाले होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास उशीच्या अभ्र्यांत घालून, अभ्रा एका खोक्यांत ठेवून, बाजूस कापडांत गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी लावून आम्ही असल्या प्राण्यांची चिकित्सा करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं प्रथम शेषूस हातावर घेऊन त्याच्या अंगाचा जोर अजमाविला. मग हलकेच पाठीवर उलटा केला, कारण निरोगी सर्प ताबडतोब सुलटा होतो. शेषू सुलटा झाला, पण सावकाश. मग एका मऊ पट्टीनें त्याचें तोंड उघडून त्यांनीं आम्हांस आंत पाहावयास सांगितलें. निरोगी सर्पाचें तोंड आंतून फिकट गुलाबी व स्वच्छ असतें. येथें चिकट लाळेचे धागे होते आणि हिरड्यांवर टाचणीच्या टोंकाएवढे तांबडे ठिपके उठले होते.

बाईंनीं समजाविलें तें असें: माणसाच्या छातीखालीं श्वासाचा जो स्नायूंचा पडदा असतो, तो सर्पास नसतो, त्यामुळें त्यास आपल्यासारखें जोरानें खोकून कफ बाहेर टाकतां येत नाहीं. कफ आंतच सांचत जातो. शिवाय सर्पाची रोगाशीं झगडण्याची शक्तिही बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. ऊब गेली कीं शक्ति गेली. मग त्यांनीं विचारलें, "ह्याचें खाणेंपिणें, हालचाल, श्वास, हें सर्व बदलूं लागलें तें कोणत्या दिवसापासून?" आम्हीं निळी वही पुढें केली. १४ डिसेंबरपर्यंत पानेंच्या पानें बारीक अक्षरांनीं भरलेलीं. त्यापुढें चार दिवस बरे. आणि मग 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. बाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पान उलटलें, मागच्या नोंदी वाचल्या व वही मिटून आमच्या हातीं दिली. आजवर कोणा परीक्षकानें दिलेल्या शून्यानें आम्ही इतके खजील झालों नव्हतों.

शेषूचें तें तोंड पाहतांना आम्हांस आमच्या बालपणींचें अंगण आठवलें. नागपंचमीच्या दिवशीं गारुडी टोपली घेऊन येई, आणि आम्ही मुलें घोळका करून उभीं राहत असूं. त्याचा नाग फणा काढी, पण हळूच. ओठ सुजलेले दिसत, आणि तो वाटींत तोंड बुडवी. "पाहा कसा गरीब आहे! पाहा कसा दूध पितो!" असें मोठीं माणसें म्हणत, व आम्ही टाळ्या पिटीत असूं. सर्प हा दूध पिणारा प्राणी नव्हे, हें आम्हांस फार पुढें कळलें. अशा नागांचे दांत पुष्कळदां उपटलेले असतात, कित्येकांचीं तोंडें शिवलेलीं असतात, व त्यांस दिवसचे दिवस तहानलेलें ठेवल्यामुळें पुढें येईल तो द्रव ते पितात. म्हणजे ज्यास आम्ही गरिबी म्हणत होतों तो अशक्तपणा होता, आणि ज्यास भक्ति समजत होतों ती तहान होती. तेव्हां आम्ही लहान होतों. परंतु शेषूच्या वेळीं तें निमित्तही आमच्याजवळ नव्हतें.

शेषूस दर तिसऱ्या दिवशीं एक, अशीं सात इंजेक्शनें ठरलीं. पहिलें त्याच दिवशीं दिलें. तोंड रोज औषधानें पुसावयाचें, व पेटी रात्रंदिवस उबदार ठेवावयाची. ६ जानेवारीस मंडळी परत आली. पुतण्या बुटांसकटच पेटीपाशीं गेला. आम्हीं त्यास बाजूस घेऊन सर्व सांगितलें. बटणाची गोष्ट सांगितली, आणि आगाऊ लिहिलेल्या 'ठीक' शब्दांचीही सांगितली. आमची अपेक्षा होती कीं तो रागावेल. तो रागावला नाहीं. पण बराच वेळ बोललाही नाहीं. मग त्यानें पट्टी घेऊन आमच्या नोंदींखालीं एक सरळ रेघ ओढली, नवी तारीख घातली, आणि वजनकांटा आणला. "काका, तुम्ही सांगा, मी लिहितों," असें तो म्हणाला. त्या दिवसापासून पाहण्याचें काम त्यानें आमच्याकडेच ठेविलें. ह्याहून सौम्य व ह्याहून कठोर शिक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्या अभ्यासांत आम्हीं जें शिकलों तें थोडक्यांत देतों. एकटा उपास म्हणजे आजार नव्हे. परंतु उपासाबरोबर वजन घटूं लागलें व पाठीचा कणा वर दिसूं लागला, तर तो आजार होय. डोळे दुधाळ होणें स्वाभाविक आहे; परंतु कात एकसंध न पडतां तुकड्यातुकड्यांनीं निघाली, अगर डोळ्यावरचा जुना खवला मागें राहिला, तर हवेंतील ओलावा कमी पडतो असें समजावें. सर्प पाण्याच्या भांड्यांत तासच्या तास बसून राहूं लागला, तर हनुवटीखालीं व डोळ्यांभोंवतीं काळे सूक्ष्म ठिपके हलतात कीं काय तें पाहावें. ते गोचिडांच्या जातीचे सूक्ष्म परजीवी असतात. गिळलेलें भक्ष्य अर्धवट बाहेर पडलें, तर ऊब कमी पडली आहे, जेवणानंतर लगेच त्यास हाताळलें आहे, किंवा आंत कांहीं बिघडलें आहे. तोंड उघडें ठेवून, मान वर करून, आवाज करीत घेतलेला श्वास हा फुप्फुसांचा आजार. त्यास दिवसाचाही उशीर करूं नये. ह्याचें कारण नेहमींच गारठा असतें असेंही नाहीं. ह्या जातीच्या अजगरांस श्वासाचा रोग जडविणाऱ्या एका विषाणूचा शोध २०१४ सालीं लागला आहे. मान मागें वळवून आकाशाकडे टक लावणें, तोल जाणें, उलटा केल्यास सुलटें न होणें, हीं मज्जातंतूंच्या भयंकर विकारांचीं चिन्हें होत. आणि हें सर्व पाहून झाल्यावर हात साबणानें धुवावे. कारण निरोगी दिसणाऱ्या सर्पाच्या अंगींही माणसास अपायकारक जंतु असूं शकतात, व पांच वर्षांखालील मुलांस त्यांपासून दूरच ठेवावें.

येथें बालवाचकांस एक गोष्ट बजाविली पाहिजे. हें वाचून कोणीं शेतांतला सर्प बरणींत घालून आणूं नये. आपल्या देशांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतील सर्प पकडणें व घरीं ठेवणें हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच योग्य. ज्याच्या गरजा आपणांस कळत नाहींत त्यास कोंडून ठेवणें ह्यास प्रेम म्हणतां येत नाहीं. घरांत सर्प निघालाच, तर दूर उभें राहून वन खात्यास अगर जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. पाहण्याची विद्या मात्र कोणत्याही कायद्यानें बंद केलेली नाहीं, व तिला कांचेची पेटीही लागत नाहीं.

शेषूनें २४ फेब्रुवारीस पहिला उंदीर घेतला. मार्चच्या मध्यास त्यानें कात टाकली. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध. पुतण्यानें ती उजेडाकडे धरून आम्हांस दोन्ही डोळ्यांवरचे खवले दाखविले. कांचेच्या दोन बारीक टिकल्यांसारखे ते चकाकत होते. त्या दिवशींच्या नोंदींत आम्हीं अकरा ओळी लिहिल्या.

पुढें आम्ही स्वदेशीं परतलों. येथें आमच्याजवळ सर्प नाहीं, पण वही आहे. मातोश्रींस प्रकृति विचारली म्हणजे त्या म्हणतात, "मला काय धाड भरली आहे?" पूर्वीं आम्ही तेवढ्यावर समाधान मानून बाहेर पडत असूं. आतां पानांतली भाकरी किती उरली, जिन्याच्या कितव्या पायरीवर त्या थांबल्या, हें आम्ही पाहतों. गेल्या पावसाळ्यांत त्या सहाव्या पायरीऐवजीं चौथीवर थांबूं लागल्या. त्या कांहींच बोलल्या नव्हत्या; आम्हींच त्यांस डॉक्टरांकडे नेलें, आणि वेळेवर आणलें असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्या रात्रीं आम्हीं पुतण्यास पत्र लिहिलें. पत्रांत आभार मानले नाहींत. फक्त तारीख घातली, आणि काय दिसलें तें लिहिलें.